मिठाच्या पोटात एक दिवस : सहलीचा आराखडा आणि त्यामागचे विज्ञान

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांची मोजणी येते. सहलीची आखणी हा विज्ञानाचा विषय होऊ शकतो असे आपल्याला सहसा वाटत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात मला मात्र तसा अनुभव आला. माझी बहीण नोकरीनिमित्त पोलंडमधील क्राकूफ शहरात राहते. तिच्याकडे मी आईला घेऊन गेलो होतो. तेथून जवळच विएलिच्का या गावी जगप्रसिद्ध मिठाची खाण आहे. एका रविवारी आगगाडीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचे असे ठरले. मंडळी सहा : बहीण, तिचे यजमान, त्यांची दोन मुले, मी आणि एकाहत्तर वर्षांची आमची आई.

अडचण आईची होती. तिचे गुडघे दुखतात. खाणीत उतरायला शेकडो पायऱ्या आहेत असे कळल्यावर मेहुण्यांनी सुचवले, "आईंना त्या दिवशी घरीच विश्रांती घेऊ द्या." पण आईचे बालपण उरणजवळच्या मिठागरांवर गेलेले. तिचे वडील मिठागरावर काम करीत. जमिनीखालून मीठ काढतात हे ऐकल्यापासून तिचे मन त्या खाणीतच अडकले होते. ती एवढेच म्हणाली, "उन्हाशिवाय मीठ कसं होतं ते मला एकदा बघायचंय." त्यामुळे आमच्या आखणीपुढे खरा प्रश्न एकच उरला : आईला न्यायचे कसे? त्याचे उत्तर शोधताना जे कळले ते शिक्षक मित्रांना आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

उन्हाशिवाय मीठ?

प्रथम आईच्या शंकेचे उत्तर. जमिनीखालचे मीठही उन्हानेच झाले आहे, फक्त ते ऊन फार जुने आहे. सुमारे १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वी या भागात उथळ समुद्र होता. मोठ्या समुद्राशी त्याचा संबंध कमी झाला, पाण्याची वाफ होत राहिली आणि तळाशी मिठाचे थर साचले. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत आटत दहाव्या हिश्श्याच्या आसपास आले की खाण्याचे मीठ खाली बसू लागते. उरणच्या मिठागरात हेच घडते. फरक एवढाच की तेथे माणसाने बांध घालून समुद्राचा तुकडा वेगळा केलेला असतो आणि येथे ते काम निसर्गाने केले.

पुढे कार्पेथियन पर्वत वर येत असताना दक्षिणेकडून रेटा आला. त्याखाली हे थर दुमडले, फाटले आणि काही ठिकाणी तुटून त्यांचे प्रचंड गोळे मातीत अडकले. म्हणून विएलिच्कात खालच्या भागात मिठाचे थर आहेत, तर वरच्या भागात चिकणमातीत रुतलेले मिठाचे सुटे ठोकळे आहेत. खाणकामगार असा एकेक ठोकळा पोखरून काढीत आणि त्याच्या जागी भलीमोठी पोकळ खोली उरे. आज पर्यटक पाहतात त्या दालनांचा जन्म असा झाला.

आपल्याकडे उपासाला वापरतात ते सैंधव याच जातीचे, म्हणजे खडकातून काढलेले मीठ. सिंधूच्या प्रदेशातून येणारे ते सैंधव. आईला एवढे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तिकडे सैंधवाचा डोंगर पुरलेला आहे म्हण की!"

या ठिकाणी तेराव्या शतकापासून खाणीतून मीठ काढले जात होते. व्यापारासाठी खडकातून मीठ काढणे १९९६ साली थांबले. खाण नऊ पातळ्यांवर पसरली असून तिची सर्वांत जास्त खोली ३२७ मीटर आहे. बोगद्यांची एकूण लांबी दोनशे किलोमीटरांहून अधिक भरते. पर्यटकांना त्यातला अगदी लहानसा, सुमारे तीन किलोमीटरांचा भाग दाखवतात. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली तेव्हा तीत जी बारा स्थळे होती, त्यांत ही खाण होती आणि क्राकूफचा जुना भागही होता.

गाडीचे गणित

क्राकूफच्या मुख्य स्थानकावरून विएलिच्काला लोकल गाडी जाते. ज्या स्थानकावर उतरायचे त्याचे नाव 'विएलिच्का रीनेक-कोपाल्न्या'. रीनेक म्हणजे बाजारचौक आणि कोपाल्न्या म्हणजे खाण. नावातच पत्ता दिलेला आहे. अंतर पंधरा किलोमीटरांच्या आत, वेळ वीस ते पंचवीस मिनिटे. या गावाला रेल्वे आली तीही १८५७ साली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर अवघ्या चार वर्षांनी.

वेळापत्रक हाती आल्यावर बहुतेक जण घरून निघण्याच्या वेळेपासून हिशेब सुरू करतात. तो उलट्या बाजूने करावा. जी वेळ आपल्या हाती नाही ती आधी पक्की करायची आणि तिथून मागे यायचे. या खाणीत कोणालाही एकट्याने हिंडता येत नाही. ठरावीक वेळेला, ठरावीक भाषेच्या मार्गदर्शकाबरोबर गट आत जातो आणि त्या वेळेचे तिकीट आधी काढता येते. आमच्या तिकिटावर साडेअकराची वेळ होती. मग हिशेब असा झाला :

दारापाशी पोचायचे ११ वाजता (अर्धा तास आधी).
स्थानकापासून दारापर्यंत आईच्या चालीने १५ मिनिटे; म्हणून स्थानकावर १०:४५.
गाडीला २५ मिनिटे. म्हणून क्राकूफहून १०:२० ला सुटणारी गाडी ही शेवटची चालण्याजोगी.

आता १०:२० चीच गाडी धरावी का? येथे एक साधा नियम उपयोगी पडतो. गाडी चुकल्यास होणारा उशीर हा दोन गाड्यांमधील अंतराएवढा असतो. गाड्या अर्ध्या तासाने असतील तर पाच मिनिटांच्या उशिराची किंमत पाच मिनिटे नसून तीस मिनिटे होते. म्हणून हाताशी राखायचा वेळ दोन गाड्यांमधील अंतराहून कमी असू नये. दुसऱ्या शब्दांत, अशी गाडी निवडावी की ती चुकली तरी तिच्यामागची गाडी आपल्याला वेळेवर पोचवील. आम्ही ९:५० ची गाडी धरली. ती चुकली नाही. मग खाणीच्या आवारातल्या बाकावर आईला अर्धा तास बसायला मिळाले. मुंबईच्या लोकलवर वाढलेल्यांना हा नियम रक्तातूनच माहीत असतो, पण दिवसाला दोनच एस. टी. येणाऱ्या गावी शाळेची सहल न्यायची असेल तेव्हा तो कागदावर मांडलेला बरा. तेथे एक गाडी चुकणे म्हणजे सहलच बुडणे.

(वेळापत्रक, तिकिटांचे दर आणि प्रवेशाच्या वेळा बदलत असतात. वरील आकडे पद्धत समजावी म्हणून दिले आहेत.)

तीनशे ऐंशी पायऱ्या

आता मुख्य अडचण. नेहमीच्या मार्गाने जाणारे पर्यटक दानिवोविच नावाच्या उभ्या विहिरीतून लाकडी जिन्याने उतरतात. जमिनीखाली ६४ मीटरवर असलेल्या पहिल्या पातळीपर्यंत ३८० पायऱ्या आहेत. पुढे मार्गात आणखी पायऱ्या लागतात. सर्व मिळून सुमारे ८००. सर्वांत खालचा टप्पा १३५ मीटर खोल आहे. वर येताना मात्र सर्वांना लिफ्ट मिळते.

भाच्याने पहिला भागाकार केला : ६४ मीटर भागिले ३८०, म्हणजे एका पायरीची उंची सुमारे १७ सेंटिमीटर. बहिणीच्या इमारतीतली पायरी पट्टीने मोजली तर तीही जवळपास तेवढीच निघाली. म्हणजे पायऱ्या काही अवघड नव्हेत, त्यांची संख्या अवघड आहे. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर ६४ मीटर म्हणजे एकवीस मजले झाले.

"पण आजीला उतरायचंच तर आहे! चढायला लिफ्ट आहे ना!" भाची म्हणाली. हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा, कारण त्याचे पहिले सुचणारे उत्तर चुकीचे असते. भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर उतरताना काम गुरुत्वाकर्षण करते. ६० किलो वजनाचे माणूस ६४ मीटर खाली आले की ६० × ९.८ × ६४, म्हणजे सुमारे ३७,६०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा जाते कोठे? आपण विहिरीत पडणाऱ्या दगडासारखे वेग घेत नाही, प्रत्येक पायरीवर थांबतो. म्हणजे ती सगळी ऊर्जा पायांचे स्नायू रोखून धरतात. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसण्याचा जोर लावतो. गाडीच्या ब्रेकसारखेच हे काम आहे. अशा वेळी गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीइतका किंवा त्याहून अधिक भार येतो. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. डोंगरावर गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

आईने स्वतःच प्रयोग करायचे ठरवले. इमारतीचा जिना लिफ्टने वर जाऊन पायी उतरायचा. एका फेरीत ९० पायऱ्या. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत ती मध्येच खाली बसली. ३८० ला ९० ने भागले तर चाराहून अधिक फेऱ्या होतात, आणि त्यानंतर खाणीत दोन-अडीच तास चालायचे आहे. शिवाय निम्म्या जिन्यात पाय अडले तर मागे फिरणे म्हणजे तेवढ्याच पायऱ्या चढणे. जिन्याचा प्रश्न येथे संपला. आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला.

मग बहिणीने खाणीच्या कचेरीकडे चौकशी केली. चालायला त्रास असणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना, आधी कळवल्यास, लिफ्टने खाली नेण्याची सोय आहे असे उत्तर आले. संपूर्ण मार्ग पाहता येत नाही, त्याचा काही भाग पाहता येतो. आम्ही गट दोन केले. आई आणि बहीण लिफ्टने, बाकीचे जिन्याने, आणि दोन्ही गटांच्या वेळा शक्य तितक्या जवळ. सहल आखताना आपण बहुधा 'हा येईल की राहील' एवढाच विचार करतो. 'हा कोणत्या वाटेने येईल' हा तिसरा प्रश्नही विचारायला हवा. शाळेच्या सहलीत पायाने अधू असलेल्या विद्यार्थ्याला 'तू या वेळी राहा' असे सांगण्यापूर्वी एक पत्र पाठवून पाहायला काय हरकत आहे?

स्वेटर घ्यायचा का?

मे महिन्यात क्राकूफला कधी हवा छान उबदार तर कधी एकदम गार. खाणीत मात्र वर्षभर तापमान सुमारे १७ ते १८ अंश सेल्सिअस राहते. बाहेर हिमवर्षाव असो की कडक उन्हाळा, आत तेच. कारण माती आणि खडक उष्णतेचे मंद वाहक आहेत. उन्हाळ्याची उष्णता खाली झिरपत असतानाच हिवाळा येतो, आणि दहा-पंधरा मीटरांखाली ऋतूंचा मागमूस राहत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतील तळघरे उन्हाळ्यात गार वाटतात त्याचेही कारण हेच.

खोल जावे तसे पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापमान वाढते. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. म्हणजे १३५ मीटरला तीन-चार अंश. क्राकूफचे वर्षाचे सरासरी तापमान नऊ अंशांच्या आसपास आहे. त्यात चार मिळवले तर तेरा होतात, पण प्रत्यक्षात सतरा-अठरा आहे! उरलेल्या फरकाचा शोध विद्यार्थ्यांना घेऊ द्यावा. एक धागा असा : स्वस्थ असलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. तीसचाळीस जणांचा एक गट म्हणजे चालतीबोलती तीन-चार किलोवॅटची शेगडीच. त्यात दिवे आणि यंत्रे यांची भर पडते.

आमच्यापुरता निष्कर्ष असा निघाला की हलका स्वेटर, पायात घट्ट बसणारे बूट, लहानशी पिशवी. मोठे सामान आत नेऊ देत नाहीत. खाली १२५ मीटरवर उपाहारगृह आहे, तरी आईने पोळीभाजीचा डबा घेतलाच. तो आम्ही वर आल्यावर खाल्ला.

मुलांना आणखी एक गंमत सांगून ठेवली होती. १३५ मीटर खाली गेल्यावर आपल्या डोक्यावर तेवढ्या उंचीचा हवेचा स्तंभ वाढतो. १.२ × ९.८ × १३५, म्हणजे सुमारे १,६०० पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या दीड टक्क्याहून थोडे जास्त. लिफ्टमध्ये कानात दडे बसल्यासारखे वाटले तर आवंढा गिळावा. त्याला कारण एवढाच दाब आहे.

खाणीचे दोन शत्रू

आदल्या रात्री भाच्याने विचारले, "मामा, वरून कोसळणार नाही ना?" प्रश्न योग्य आहे. खाणीच्या सहलीत सुरक्षिततेचा विचार टाळू नये. मिठाचा खडक सतत दाबाखाली असला तर ठिसूळ दगडासारखा एकदम फुटण्याऐवजी अतिशय सावकाश वाहतो. दालने वर्षानुवर्षांच्या काळात किंचित किंचित आकसत जातात. म्हणून तेथे जागोजागी ओंडक्यांचे दणकट टेकू रचलेले दिसतात. खारट वातावरणात लाकडाला कीड आणि बुरशी सहज लागत नाही, त्यामुळे हे टेकू पिढ्यान्पिढ्या टिकतात. लोणच्याला मीठ घालतो त्यामागचेच तत्त्व!

पूर्वीच्या काळी पहिला शत्रू होता मिथेन वायू. तो हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साचतो. अनुभवी कामगार ओले कपडे घालून, लांब काठीच्या टोकाला पेटता पलिता बांधून जमिनीलगत सरपटत पुढे जात आणि छताजवळचा वायू थोडा असतानाच जाळून टाकीत. साठा मोठा झाला की स्फोट होतो, म्हणून तो होऊच द्यायचा नाही. वाकून सरपटण्यामागेही वायूच्या घनतेचे ज्ञान होते.

दुसरा शत्रू मात्र आजही आहे, तो म्हणजे गोडे पाणी. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. तेवढे विरघळले की पाणी तृप्त होते, पुढे ते मिठाला काही करीत नाही. म्हणूनच खाणीतल्या दालनांत मिठाच्याच कुशीत खाऱ्या पाण्याची तळी शांतपणे राहतात. पण बाहेरून आलेला गोड्या पाण्याचा झरा तृप्त होईपर्यंत मीठ खात सुटतो. १९९२ साली 'मीना' नावाच्या आडव्या बोगद्यात वाळू आणि माती घेऊन पाण्याचा लोंढा शिरला. वरची जमीन खचली, जवळच्या मठाला आणि रेल्वेमार्गाला झळ पोचली. ते पाणी आटोक्यात आणायला मोठे प्रयत्न करावे लागले. आजही खाणीत झिरपणारे खारे पाणी गोळा करून वर उपसावे लागते, आणि ते आटवून मीठ तयार केले जाते. खोदकाम थांबले तरी मीठ निघायचे थांबलेले नाही, ते असे.

आईचा प्रश्न

हे सारे ऐकल्यावर आई म्हणाली, "पावसाळ्यात आम्ही मिठाच्या राशी गवताने शाकारून ठेवायचो. पाऊस नाही लागला तरी नुसत्या दमट हवेनं मीठ रडायचं. मग तिथं रोज एवढी माणसं जातात, श्वास सोडतात. त्या मिठाचं काय होत असेल?"

मी क्षणभर गप्पच झालो. कारण या खाणीच्या जिवावर उठलेला प्रश्न नेमका हाच होता.

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन ओलावते आणि त्याच पाण्यात विरघळू लागते. ७५ टक्क्यांच्या खाली ते कोरडे राहते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के असते, म्हणून बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. आपल्या खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडही थोडे असते आणि ते याहून पुष्कळच कमी आर्द्रतेला पाणी ओढते. म्हणून खडेमीठ आधी रडते.

आता विएलिच्काचा हिशेब करू या. समजा, उन्हाळ्यात बाहेरची हवा २५ अंशांची आणि ६० टक्के आर्द्रतेची आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे १४ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा खाणीत शिरून १७ अंशांपर्यंत थंड झाली तर? १७ अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त साडेचौदा ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. म्हणजे आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली! बाहेर सुखद वाटणारी हवा खाली गेल्यावर मिठाला विरघळवणारी ठरते. हिवाळ्यात उलट. शून्य अंशाच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत चारच ग्रॅम बाष्प असते. ती १७ अंशांना तापली की आर्द्रता पाव हिश्श्याच्या जवळ येते. म्हणजे जी हवा कामगारांचा जीव वाचवते, तीच उन्हाळ्यात शिल्पांवर उठते.

आणि माणसांचा श्वास? श्वासावाटे आणि त्वचेवाटे माणूस तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो असे धरू. अडीच तासांत १०० ग्रॅम. ही खाण वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक पाहतात. दहा लाख गुणिले १०० ग्रॅम म्हणजे १०० टन पाणी. ते सगळे भिंतींवर जमले तर ३६ टन मीठ विरघळवू शकेल. प्रत्यक्षात त्यातले पुष्कळसे खेळत्या हवेबरोबर बाहेर जाते, पण धोक्याचे माप कळायला हा आकडा पुरेसा आहे.

खाणीतली शिल्पे ही काही दुय्यम गोष्ट नव्हे. जमिनीखाली १०१ मीटरवर संत किंगा हिच्या नावाचे प्रार्थनागृह आहे. सुमारे ५४ मीटर लांब, १५ ते १८ मीटर रुंद आणि १० ते १२ मीटर उंच. १८९६ साली ते घडवायला सुरुवात झाली. भिंतींवरची चित्रे, फरशी, वेदी, एवढेच काय, झुंबरांचे लोलकही मिठाचे. घडवणारे मार्कोव्स्की बंधू आणि अंतोनी विरोदेक हे खाणीत काम करणारे कामगार होते. (दालनाची लांबी, रुंदी आणि उंची गुणून त्याला मिठाची घनता, २.१६, हिने गुणा. तेथून काढलेल्या मिठाचे वजन सुमारे २०,००० टन सांगतात, ते जुळते का पाहा.)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीत यंत्रांनी हवा खेळवणे सुरू झाले आणि त्याबरोबर बाष्प आले. शिल्पांची नाके, बोटे, कपड्यांच्या चुण्या झिजू लागल्या. १९८९ साली युनेस्कोने या खाणीचे नाव धोक्यात आलेल्या वारशाच्या यादीत घातले. आत जाणारी हवा आधी कोरडी करण्याची यंत्रणा उभी राहिली, आणि १९९८ साली ते नाव त्या यादीतून निघाले. मिठागरावरची माणसे गवत शाकारून जे करीत, तेच येथे यंत्रांनी केले जाते : मीठ आणि ओली हवा यांच्यात काहीतरी आडवे घालणे.

आणि सहल?

ठरल्याप्रमाणे झाली. आम्ही चौघे ३८० पायऱ्या उतरलो. मुले मोजत होती, पण दोघांच्या मोजणीत सातांचा फरक पडला आणि त्यावरून पुढचा अर्धा तास वाद चालला. खाणीच्या भिंती पांढऱ्या असतील अशी मुलांची कल्पना होती. त्या करड्या, काळपट आणि थोड्या हिरवट निघाल्या, कारण मिठात माती मिसळलेली आहे. शेवटी लिफ्टच्या अरुंद पिंजऱ्यात दाटीवाटीने उभे राहून एका मिनिटाच्या आत वर आलो. बाहेर पडण्याची जागा आत शिरलो तेथेच असेल असे नाही, म्हणून एकमेकांना भेटायचे ठिकाण आधीच ठरवावे, एवढी सूचना येथे देतो.

आई बाकावर बसली होती. लिफ्टने खाली जाऊन ती दीड तास फिरून आली होती. "भिंतीला बोट लावून चाटून पाहिलं," ती म्हणाली, "आपल्यापेक्षा जरा कडू लागतं. पण मीठच आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाबांना सांगायला हवं होतं."

करून पाहा

१. दोन वाट्यांत प्रत्येकी २० ग्रॅम मीठ मोजून घ्या. एक वाटी ओल्या कापसाबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दुसरी भाजून कोरड्या केलेल्या तांदळाबरोबर दुसऱ्या डब्यात. आठवडाभर रोज वजन करा आणि आलेख काढा. हाच प्रयोग खडेमीठ आणि बारीक मीठ घेऊन करा.

२. शाळेच्या जिन्याच्या पायरीची उंची मोजा. ३८० पायऱ्या उतरायला तो जिना किती वेळा उतरावा लागेल? स्वतःच्या वजनावरून त्यात किती ऊर्जा स्नायूंना रोखावी लागेल?

३. तुमच्या गावाहून एका दिवसात जाऊन परत येता येईल असे ठिकाण निवडा आणि उलट्या क्रमाने वेळापत्रक मांडा. विदर्भातील शाळांनी कोळशाच्या खाणीचा विचार करावा. वेस्टर्न कोलफील्ड्सने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या साथीने २०१६ साली नागपूरजवळ सावनेर येथे खाण-पर्यटन सुरू केले होते. जाण्यापूर्वी सध्याची व्यवस्था आणि परवानगी यांची चौकशी करावी. आपल्या गटातील ज्याला सर्वांत कमी चालवते, त्याच्या चालीने प्रत्येक टप्प्याचा वेळ धरा.